कावळा शिवेपर्यंत

भाग्यश्री सिस्टरनं तीनच शब्द लिहिले होते. पण त्या तीन शब्दांनी बाळासोचा गळा धरला आणि आता काही केल्या ते सोडायला तयार नव्हते.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'संशयित स्रोत'. भरायचा म्हणून भरायचा. दर उन्हाळ्यात जुलाबाचे चार-दोन पेशंट निघायचे आणि दर उन्हाळ्यात ती तिथं 'गावाचा नळपाणी पुरवठा' असं लिहून मोकळी व्हायची. वरचे साहेब वाचत नसत आणि खालची बाई विसरून जाई. पंधरा वर्षं असंच सुखात चाललं होतं. पण यंदा एप्रिलच्या शेवटाला उपकेंद्रात तीन पेशंट आले ते साधे नव्हते. तांदळाच्या पेजेसारखे जुलाब, डोळे खोल गेलेले, पायात गोळे. दोघांचे नमुने जिल्ह्याला पाठवले आणि दोन्ही रिपोर्ट आले, कॉलरा. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात पटकी. त्या एका शब्दासरशी गाव खडबडून जागं झालं आणि मग तो फॉर्म मात्र सगळ्यांनी वाचला. साहेबांनी वाचला, ग्रामपंचायतीनं वाचला, कुणीतरी त्याचा फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. नळपाणी पुरवठा म्हणजे कोण? दुसरं कोण असणार! बाळासो. पाणी सोडणारा.

उचगाव ओलांडून नदीच्या अंगाला वळलं की उंबरगी लागतं. सहाशे उंबऱ्यांचं गाव. वरच्या आळीला मराठ्यांची घरं, मधल्या गल्लीत जैनांची, ओढ्याच्या बाजूला बाकीची. या सहाशे उंबऱ्यांना सव्वीस वर्षं बाळासो पाणी सोडत होता. पहाटे उठायचं, टाकीत पावडर टाकायची, अर्ध्या तासानं नळाचं पाणी बाटलीत घ्यायचं, त्यात औषधाचे दोन थेंब टाकायचे आणि पाणी पिवळं झालं की वहीत लिहायचं. पिवळं झालं म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे, पाणी चांगलं. एवढं साधं काम, पण माणसानं एक दिवस चुकवलं नाही. लेकीच्या लग्नादिवशीसुद्धा अंगाला हळद लावून पाण्याचा व्हॉल फिरवून आला होता.

तोच बाळासो बुधवारी सकाळी उपकेंद्राच्या दारात उभा राहिला. हातात पिवळ्या पाण्याची बाटली.

"सिस्टर, बघा की. आजचं हाय. कालचं बी असंच हुतं. परवाचं बी."

"बघितलं हो दादा. मला ठाऊक आहे."

"तुमास्नी ठाव हाय, पण गावाला कोन सांगणार? सयाजीराव म्हणत्यात, शुक्रवारच्या ग्रामसभेत बाळ्याला घालवायचा. पोरं मला बघून थुकत्यात, सिस्टर. आई अंथरुणावरनं इचारती, बाळू, तू खरंच पावडर टाकली न्हाईस व्हय रं? सख्खी आई!"

तो पायरीवर बाटली ठेवून गेला आणि ती बाटली दिवसभर भाग्यश्रीकडं बघत बसली.

आता तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर खोडायची ती ओळ. खोडून काय करणार! एकतीस पेशंट झाले होते. देवाची कृपा आणि सलाईनची पुण्याई म्हणून कुणी दगावलं नव्हतं, पण पटकी कुठूनतरी येत होती हे नक्की. नळातून नाही तर मग कुठून? ते सांगितल्याशिवाय नुसती ओळ खोडली तर लोक म्हणणार, बाईला पाजलाय चहा. आणि खरी जागा सापडली नाही तर पुढचा आठवडा कुणाला घेऊन जाईल याचा नेम नव्हता. शिवाय बाईचा स्वभाव असा, की चूक झाली तर ती निस्तरल्याशिवाय तिला धड झोप यायची नाही. सासू म्हणायची, हिला नर्स नाही, फौजदारच करायला पाहिजे होतं.

तिनं मग उपकेंद्राच्या भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं, पाठीमागची कोरी बाजू पुढं केली आणि पट्टी-पेन्सिल घेऊन बसली. ऑनलाइन जे भरायचं त्यात आठवड्याची बेरीज भरतात. पाच, अठरा, आठ. बघणाऱ्याला वाटावं, पटकी चढली आणि उतरली, एकच डोंगर. भाग्यश्रीनं तसं केलं नाही. तिनं एकेका पेशंटचा कागद काढला आणि तो दवाखान्यात कधी आला ते सोडून, पहिला जुलाब कुठल्या दिवशी झाला तेवढंच बघितलं. त्या त्या तारखेवर एकेक चौकोन रंगवला. दुपारपर्यंत कॅलेंडरवर चित्र उभं राहिलं, आणि ते एक डोंगर नव्हतंच. तीन टेकड्या होत्या. पहिली बारकी, मधली भली थोरली, तिसरी मध्यम. आणि दोन टेकड्यांच्या मध्ये सपाट माळ. चार-पाच दिवस कुणीच नाही.

ती बराच वेळ त्या माळाकडंच बघत राहिली. नळाचं पाणी वाईट असतं तर माणसं रोज आजारी पडली असती. नळाला रोज पाणी येतं. मग पटकी मधले चार दिवस काय सुट्टीवर गेली होती? ही पटकी कुठल्यातरी ठरलेल्या दिवशी येत होती आणि पाहुण्यासारखी जेवून परत जात होती.

तिनं कागद पुन्हा चाळले. प्रत्येकाला तिनं स्वतः प्रश्न विचारले होते. गेल्या पाच दिवसांत परगावी गेलता का? न्हाय. लग्न, बारसं, जत्रा, कुठल्या कार्यक्रमाला जेवलासा का? न्हाय. पाणी कुठलं पिता? नळाचं. एकतीसच्या एकतीस. गावातली पाण्याची तेवीस ठिकाणं तिच्या यादीत होती, विहिरी, बोअर, शाळा, अंगणवाडी, आणि तेवीसची तेवीस तपासून झाली होती. सगळी चांगली.

एक गोष्ट मात्र तिच्या विरुद्ध जात होती. मधल्या गल्लीत, तिच्या स्वतःच्या गल्लीत, चौसष्ट जैन घरांत एकही पेशंट नव्हता. सयाजीराव पारावर बसून तेच तर ओरडून सांगत होते, "जैन पाणी गाळून, उकळून पित्यात. म्हणून ती वाचली. आमी नळाचं तसंच पितोय, म्हणून आमी मेलो. अजून काय पुरावा पायजे?" खरं सांगायचं तर यावर भाग्यश्रीकडं उत्तर नव्हतं.

गुरुवारी सकाळी तिला उत्तर मिळालं. आणि कुठं मिळालं? धुण्यात!

नवऱ्याची पँट भिजवायच्या आधी खिसे बघायची तिची सवय. खिशातून निघालं ओआरएसचं फाडलेलं पाकीट. एक नाही, तीन. तिच्याच पिशवीतली, शिक्क्यासकट.

सम्मेदचं उचगावात खतांचं आणि बियाणांचं दुकान होतं. माणूस सरळ. आईनं, म्हणजे अक्काताईंनी, फडक्यातून गाळून उकळलेल्या पाण्याचा थर्मास घेतल्याशिवाय तो उंबरा ओलांडत नसे. बाहेरच्या पाण्याचा थेंब नाही. भाग्यश्रीनं तिन्ही पाकिटं त्याच्यासमोर, चहाच्या बशीशेजारी मांडली.

"हे काय हो?"

"पित्त झालतं मागच्या आठवड्यात."

"पित्तावर ओआरएस कोण पितं?"

"हळू बोल की. आई आत जप करालीय."

"किती वेळा झालं?"

सम्मेदनं चहात बघितलं. "आठ-दहा वेळा. दुकानातच हुतो दिवसभर."

"आणि मला सांगितलं नाहीत? गावभर मी हिंडतेय, परक्या माणसांच्या जुलाबाचा हिशेब विचारत, आणि माझ्याच घरात..."

"तू इचारलंस कुठं?" सम्मेद म्हणाला. "साऱ्या गावाला इचारलंस. मला इचारलंस?"

खरं होतं. स्वतःच्या घरापुढं तिनं शून्य लिहिलं होतं, न विचारता. पंधरा वर्षांची सवय, दुसरं काय.

"बरं, आता विचारते," ती खाली बसली. "कुठलं पाणी प्यालात?"

सम्मेदनं आतल्या खोलीकडं एकदा बघितलं आणि आवाज एकदम खाली आणला. "आण्णांच्या रक्षेला गेलतो, तिसऱ्या दिवशी. अमरसिंहच्या वडलांच्या. थर्मास गाडीतच ऱ्हायला, गाडी लांब रस्त्यावर. आणि कावळाच शिवंना की गं! अडीच तास! डोक्यावर ऊन, नदीकाठाला सावलीचं नाव न्हाय. अमरसिंहनं सगळं कबूल करून झालं. बांधावरचा आंबा तोडत न्हाय म्हणाला, बहिणीला दरवर्षी माहेरपण करतो म्हणाला. कावळा ढिम्म. जीव घाबरा झाला माझा. तिथल्या टाकीचं पाणी दोन पेले प्यालो. आईला सांगू नको, न गाळता प्यालो म्हणून ती दोन दिवस उपास धरंल."

"कुठली टाकी?"

"स्मशानातली. ती काळी, नळ आणि साखळीला पेले बांधलेली. सगळीच पीत हुती की."

भाग्यश्रीच्या हातातला कप तसाच राहिला. तेवीस ठिकाणांच्या यादीत स्मशान नव्हतं. स्मशानात पाणी प्यायला जातंय कोण! आणि लोकांनी तरी कसं सांगावं? तिनं विचारलं होतं, कार्यक्रमाला गेलता का? मयताला कुणी कार्यक्रम म्हणतं का? मयताच्या घरातून निघताना माणूस 'येतो' म्हणत नाही, गुपचूप चप्पल घालून चालू लागतो. घरी आलं की आंघोळ करायची आणि गेलो होतो ते विसरून जायचं. तो जाण्यात धरायचा विषयच नव्हे. आणि ती स्वतः? पंधरा वर्षं गावातल्या प्रत्येक दुःखाच्या घरी भेटून आली होती, पण नदीवर कावळ्याची वाट बघत कधी बसली नव्हती. जैनांत कावळा नसतो. मधल्या गल्लीत पेशंट का नाहीत, त्याचं उत्तर पाणी उकळण्यात नव्हतं, ते इथं होतं.

तिनं कप ठेवला, पिशवी उचलली आणि धुणं तसंच भिजत टाकून बाहेर पडली. मागून अक्काताई विचारत राहिल्या, "काय झालं गं हिला?"

दिवसभर ती दारोदार फिरली. आता प्रश्न एकच होता. "कुणाच्या रक्षेला गेलतासा?"

आणि काय सांगू, माणसं भडाभडा बोलायला लागली. बाळाबाईच्या रक्षेला. आण्णांच्या. गुरवाच्या म्हातारीच्या. एकतिसांतली सत्तावीस माणसं तीन रक्षांपैकी एकीला हजर होती आणि तिथलं पाणी प्याली होती. उरलेली चार त्यांच्याच घरातली, आजाऱ्याचं काढणारी. जी रक्षेतून लवकर निघून गेली, किंवा ज्यांनी घरून बाटली नेली, त्यांना काही झालं नव्हतं. तिनं तीन रक्षांच्या तारखा कॅलेंडरवर लाल पेनानं लावल्या. प्रत्येक टेकडी बरोबर दुसऱ्या दिवशी सुरू होत होती.

एकच कोडं उरलं. टाकी तीच, पाणी तेच. मग मधली टेकडी एवढी मोठी का?

संध्याकाळी ती बाळासोच्या घरी गेली. बाळासो व्हॉल सोडायला गेला होता. आत खाटेवर त्याची आई पडलेली. चिमणाबाई. वय नव्वदीच्या घरात, कंबर गेलेली, पण डोकं आणि जीभ दोन्ही शाबूत.

"कोन, नर्सबाई? ये. माझ्या लेकाला फाशी द्यायचं ठरलं का न्हाय अजून?"

"त्यासाठीच आले आजी. मला सांगा, बाळाबाईला कावळा कधी शिवला?"

म्हातारीचे डोळे लकाकले. गावात एक विषय असा होता की त्यात चिमणाबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्वतः खाटेवर असली तरी प्रत्येक रक्षेहून आलेल्या माणसाला ती पहिल्यांदा हेच विचारायची. पन्नास वर्षांत कुणाचा कावळा किती वेळानं शिवला, सगळं तोंडपाठ.

"बाळाबाईचा? ठेवल्या ठेवल्या. नैवेद्य ठिऊन लोकं मागं सरत्यात न सरत्यात तवर झडप. गुणाची बाई, कशात जीव न्हवता. आण्णाचा अडीच तास. आयुष्यभर समद्यांस्नी ताटकळत ठेवलं, जाताना बी तेच केलं. गुरवाच्या म्हातारीचा पाऊण तास. सुनंनं जिलबी ठेवल्यावर शिवला."

भाग्यश्रीनं लिहून घेतलं. झटक्यात, तीन पेशंट. अडीच तास, सतरा आणि सम्मेद धरून अठरा. पाऊण तास, सात. जेवढा कावळा उशीर करी, तेवढी माणसं उन्हात बसत, आणि जेवढी बसत तेवढी पाणी पीत. तिला हसावं का रडावं कळेना. तिनं म्हातारीचे दोन्ही हात धरले.

"आजी, तुमच्या लेकाला तुम्हीच सोडवलंत."

"म्या काय केलं गं?" चिमणाबाई म्हणाली, आणि मग हळूच, "त्यानं पावडर टाकलीती न्हवं?"

"रोज टाकली आजी. एक दिवस चुकला नाही."

म्हातारीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा इकडं वळली तेव्हा आवाज होता तसा होता. "बघ, माझा कावळा कसा झटक्यात शिवंल. काय ऱ्हायलंय माझं? ह्यो एक बाळू तेवढा ताठ मानंनं चालू दे."

शुक्रवारी मारुतीच्या देवळाचा मंडप तुडुंब भरला होता. सयाजीराव पुढं बसलेले. माजी सरपंच, पांढरी टोपी, आवाज असा की माईक लाजावा. त्यांच्या दोन्ही नातवंडांना सलाईन लागलं होतं, त्यामुळं राग खोटा नव्हता. बाळासो खांबाला टेकून उभा होता, मान खाली.

"बाईंनीच लिव्हलंय," सयाजीराव म्हणाले. "सरकारी कागूद हाय. नळाचं पाणी!"

"मीच लिहिलंय," भाग्यश्री उठली. "आणि न विचारता, न तपासता लिहिलंय. चुकलं माझं. ह्या माणसाची सव्वीस वर्षं मी एका ओळीत घालवली. आता जरा पाच मिनिटं माझं ऐका, मग मला घालवायचं की त्यांना, ते ठरवा."

तिनं कॅलेंडर खांबाला टांगलं. तीन टेकड्या दाखवल्या. लाल तारखा दाखवल्या. आणि मग कावळ्याच्या वेळा सांगितल्या. कावळा म्हटल्यावर मंडप हसला, बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पण झटक्यात तीन, पाऊण तास सात, अडीच तास अठरा असं तिनं बोट ठेवून वाचलं, तसं हसू कमी कमी होत गेलं. ज्याला त्याला आपला पेला आठवला असणार. मागून कुणीतरी म्हणालं, "आयला, म्या चार पेले प्यालोतो की!"

मग हळूहळू सगळ्यांच्या माना सयाजीरावांकडं वळल्या. कारण ती टाकी त्यांनीच बसवली होती. दोन वर्षांपूर्वी, आई गेली तेव्हा. टाकीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'कै. धोंडुबाई यांच्या स्मरणार्थ'.

सयाजीराव उठले. चेहरा लालबुंद. "माझ्या आईच्या नावाच्या टाकीनं पटकी आणली म्हणतीस?"

"आईच्या नावानं नाही आणली मामा. टाकी भरते ती बोअर ओढ्याला खेटून आहे. उन्हाळ्यात ओढ्यात नुसतं गटार असतं, ते झिरपून बोअरला उतरतंय." तिनं दोन बाटल्या काढल्या. एकीत नळाचं पाणी, एकीत टाकीचं. दोन्हींत दोन-दोन थेंब टाकले. पहिली पिवळी झाली. दुसरी तशीच राहिली, कोरी. "टाकीचं पाणी कालच जिल्ह्याला तपासायला पाठवलंय. चार दिवसांत रिपोर्ट येईल. तोवर कुणाला घालवू नका आणि कुणी ते पाणी पिऊ नका, एवढंच माझं म्हणणं."

सरपंचबाईंनी घसा साफ केला. "बाळासो, तुला काय बोलायचंय का?"

सगळ्यांना वाटलं, आता हा सुटणार. दोन आठवड्यांचं साठलेलं सगळं ओकणार. बाळासोनं सयाजीरावांकडं एकदा बघितलं, आणि मान हलवली.

"मला काय बोलायचं न्हाय. टाकीला कुलूप घालून येतो," म्हणाला आणि चालू लागला.

रिपोर्ट आला. टाकीचं पाणी पिण्यास अयोग्य, पटकीचे जंतू. भाग्यश्रीनं जुना फॉर्म रद्द करून नवा पाठवला आणि त्या रकान्यात या वेळी तीन शब्दांऐवजी अर्धं पान लिहिलं. टाकी बंद झाली तशी चौथी टेकडी काही उठली नाही. मे गेला, पाऊस आला, कॅलेंडरवर सपाट माळ लांबत गेला. ग्रामपंचायतीनं गावाच्या नळाची लाइन स्मशानापर्यंत नेली, टाकी घासून घेतली आणि भाग्यश्रीच्या यादीत चोविसावं ठिकाण वाढलं. सयाजीराव मात्र बाळासोला बघून रस्ता बदलत. येता-जाता बोलणंही बंद.

गणपती झाले आणि पितृपंधरवड्यात चिमणाबाई गेली. झोपेतच. त्रास नाही, काही नाही.

तिसऱ्या दिवशी भाग्यश्री नदीवर गेली. पहिल्यांदाच. तिच्याबरोबर सम्मेदही, या वेळी थर्मास काखेत घट्ट धरून. पावसानं उघडीप दिलेली, ऊन मी म्हणत होतं. बाळासोनं डोकं भादरलं होतं. आईच्या रक्षेचा नैवेद्य मांडायच्या आधी हा माणूस टाकीपाशी गेला, बाटलीत पाणी घेतलं, दोन थेंब टाकले, पिवळं झालेलं बघितलं आणि मगच नैवेद्याला हात लावला.

नैवेद्य ठेवला. लोक मागं सरले. करंजाच्या झाडावर सात कावळे बसले होते, एकानं मान हलवली नाही. पितृपंधरवडा! गावातला प्रत्येक कावळा रोज घराघरांतली खीर आणि वडे खाऊन टम्म झालेला, त्याला भाताचं काय कौतुक.

अर्धा तास गेला. बाळासोनं हात जोडले. "आई, ताईला अंतर देत न्हाय." कावळे गप्प. बायको म्हणाली, नातू म्हणाला. तास झाला. माणसं उठून टाकीकडं जात होती, पाणी पीत होती. भाग्यश्री प्रत्येक पेल्याकडं बघत होती. पाणी पिवळं झालेलं तिनं डोळ्यांनी बघितलं होतं, तरी.

दीड तास झाला. मग गर्दीतून सयाजीराव पुढं आले. टोपी काढली. नैवेद्यासमोर उभे राहिले आणि त्यांचा तो दांडगा आवाज पहिल्यांदा चिरकला.

"चिमणाक्का, तुझ्या लेकानं मला दोन वर्सामागं इचारलतं. सयाजीराव, टाकीत रोज पावडर टाकू काय? मीच म्हणालो, माझ्या आईच्या पाण्याला औषधाचा वास नगं. ग्रामसभेत त्यो हे बोलला असता तर गावानं मला उभा सोलला असता. बोलला न्हाय. माझ्या आईचं नाव राखलं त्यानं, आन मी त्याच्या आईला शेवटच्या दिसांत रडीवलं. चुकलं माझं. गावासमोर सांगतो, चुकलं."

बाळासो लहान पोरासारखा रडायला लागला. सयाजीरावांनी त्याला धरलं, मग तेही रडायला लागले. अर्धी नदी रडत होती म्हणा की. भाग्यश्रीचे डोळेही कोरडे राहिले नाहीत. आणि कावळा शिवला.

सयाजीराव बोलले आणि त्याच क्षणी कावळा शिवला, असं उंबरगीत आजही छातीठोक सांगतात. भाग्यश्रीच्या घड्याळात मध्ये अकरा मिनिटं गेली होती. पण तिनं कधी कुणाचं म्हणणं खोडलं नाही.

पुढचे पाच दिवस मात्र ती रोज घरोघर हिंडली. नदीवर आलेली एकशे बारा माणसं. पोट कसं आहे? जुलाब? उलटी? या वेळी सुरुवात स्वतःच्या घरापासून केली. सम्मेद म्हणाला, "टाकीचंच प्यालो, दोन पेले. आईसमोर सांगतो." अक्काताईंनी कपाळावर हात मारला.

पाचव्या दिवशी संध्याकाळी बाळासो उपकेंद्रावर आला. गोट्यावर टोपी, हातात रोजची बाटली. कॅलेंडरसमोर उभा राहिला. आईच्या रक्षेची तारीख लाल पेनानं लावलेली होती.

"वेळ लिव्हलायसा?"

"लिहिलाय. एक तास एक्केचाळीस मिनिटं."

"आन पेशंट?"

भाग्यश्रीनं बोट ठेवून दाखवलं. एकशे बारा माणसं, एक तास एक्केचाळीस मिनिटं, शून्य.

बाळासो त्या शून्याकडं बघत राहिला. मग डोळे पुसत हसला.

"आई असती तर तोंडपाठ केलं असतं," तो म्हणाला.